सानगडीच्या पत्र्यावरची पोर

बाबा, या चैत्रात एका सकाळी आंघोळ करून, घरच्या देवाला पाणी घालून मी मोटारसायकलने सानगडीला गेलो आणि एका अनोळखी म्हाताऱ्या बाईच्या घरात देवापुढे हात जोडून उभा राहिलो. लाकडी पाटावर लाल कापड होतं. कापडावर भिंतीला टेकवलेला हातभर उंचीचा पत्रा होता. त्याच्यावर हळदीकुंकवाचे इतके थर चढले होते की कडा फुगल्यासारख्या दिसत होत्या. आणि त्या थरांच्या मधून माझी बहीण माझ्याकडे पाहून हसत होती. वर्षाची, गुबगुबीत, झबलं घातलेली, हातात औषधाची बाटली धरलेली, तुम्ही काढलेली. मी हात जोडले ते देवाला की तिला, हे मला अजून सांगता येत नाही. हात खाली घ्यायचं मात्र सुचेना. मागून ती म्हातारी म्हणाली, "बस गा बापू. देव कुठी पळून नाई चालला. च्या मांडते."

तुम्ही गेलात त्याला वीसेक वर्षं झाली, त्यामुळे मी आता काय करतो हे तुम्हाला ठाऊक नाही. वरठीला एका भंगाराच्या गोदामात मी काट्यावर बसतो. खेड्यापाड्यांतून भंगारवाले लोखंड, पत्रा, पितळ घेऊन येतात. मी वजन करतो आणि चिठ्ठी देतो. एकदा पवनीकडून आलेल्या पत्र्यांच्या ढिगात एक निळी चकचकीत पाटी निघाली, कोपऱ्यातला टवका उडालेली. 'नायटा, खरूज, गजकर्ण, एका डबीत साफ. गुण न आल्यास पैसे परत.' मालकाला विचारून मी ती घरी आणली. मग भंगारवाल्यांमध्ये बातमी पसरली की काट्यावरच्या भाऊला असले पत्रे लागतात. आज घरामागच्या टिनाच्या खोलीत भिंत दिसत नाही. मूळव्याधीचं मलम, शक्तीच्या गोळ्या, सुरमा, विंचवावरचं तेल, केस उगवणारं तेल, पोट साफ करणारं चूर्ण. जुन्या कॅलेंडरांवरचे दाढीवाले वैद्य, बाजारात वाटायचे ते गुलाबी कागद, लेबल न सुटलेल्या बाटल्या. तुमची सून म्हणते, "लोकायच्या घरी पाहुने येतेत, आपल्या घरी रोगी येतेत. येवढ्यायचं करनं माह्याच्यानं होत नाई. एखाद्याले तरी बरं करून वापस पाठवा."

ती हसत म्हणते, पण त्या खोलीत ती एकटी जात नाही. मीही दार उघडलं की क्षणभर थांबतो. या पाट्यांवर माणसं जोडीनं असतात. एक वाकलेला, गालफडं बसलेला, आणि त्याच्या शेजारी तोच, छाती काढून उभा. एकाखाली 'आधी', दुसऱ्याखाली 'नंतर'. कोण होती ही माणसं, कुठल्या पेंटरच्या शेजारपाजारची, त्यांचं पुढे काय झालं, कोणाला माहीत नाही. औषध संपलं, दुकान गेलं, तरी ते वाकलेलेच आहेत आणि आपल्याकडे पाहतात. लोकांना वाटतं मला जुन्या वस्तूंचा छंद आहे. मीही तसंच सांगत आलो. खरं म्हणजे मला त्या सगळ्यांमधून एकच पाटी हवी होती. अड्याळच्या बाजारात लहानपणी पाहिलेली, आणि नंतर कुठंच न दिसलेली.

अड्याळच्या घराची ओसरी मला आजही तशीच्या तशी दिसते. खाली पोतं अंथरलेलं, त्यावर पांढऱ्या रंगाचा हात दिलेले पत्रे वाळत ठेवलेले, टर्पेंटाइनचा वास. मी पाचेक वर्षांचा असेन. भंडाऱ्याचे औषधवाले शेठ येऊन गेलेत. लहान मुलांच्या अंगावर मांस चढवणारा अर्क त्यांनी काढला आहे, 'बाळबहार', आणि त्यांना पाटीवर एक छान बाळसेदार पोरगं पाहिजे. तुम्ही बहिणीला खाटेवर बसवता, तिच्या एका हातात बत्तासा देता, दुसऱ्या हातात शेठची रिकामी बाटली, आणि पेन्सिलीनं कागदावर तिला उतरवू लागता. ती बत्तासा चाटते, तुमच्याकडे पाहते, हसते. फोटोवाल्याकडे तिला कधी नेलं नाही. आई म्हणायची तेव्हा तुम्ही म्हणायचात, "म्या असताना फोटोवाला कायले पायजे?"

मग कागद खाटेच्या कडेवर ठेवून तुम्ही सुई घेतली. हे मला तेव्हा कळलं नव्हतं, पण पेंटर असाच खाका करतो. चित्राच्या रेघेवर सुईनं जवळजवळ भोकं पाडायची, तो कागद पत्र्यावर धरायचा आणि कोळशाच्या भुकटीची पुरचुंडी त्यावरून थोपटायची. कागद उचलला की पत्र्यावर ठिपक्या-ठिपक्यांचं बाळ उमटतं. एका खाक्यावर पन्नास पाट्या निघतात. तुम्ही गालाची गोलाई टोचत होता, मग ओठ, मग डोळे. आई चुलीपासून उठून आली, तिच्या हाताला पीठ होतं. "लेकराच्या तोंडाले सुई नोका टोचू," ती म्हणाली. तुम्ही म्हणालात, "लेकराले नाई, कागदाले टोचून राहिलो." ती म्हणाली, "तुमाले कागद दिसते. मले पोर दिसते." तुम्ही हसलात आणि डोळ्याची बाहुली टोचली. त्या दोघांपैकी कोणाकडे पाहावं ते मला समजेना, म्हणून मी बहिणीकडे पाहिलं. ती बत्तासा संपवून झोपी गेली होती.

शेठ पाट्या न्यायला आले तेव्हाचं बोलणंही आठवतं. बहिणीच्या डाव्या भुवईत एक खाच होती, जात्यावर पडली होती तेव्हाची. तुम्ही ती जशीच्या तशी काढली होती. शेठ चष्मा वर करून म्हणाले, "पेंटर, ये मक्खी काहून बसली भौंहपे? निकालो इसको." तुम्ही म्हणालात, "मक्खी नाही शेठ, पोट्टीच तशी आहे." ते म्हणाले, "मेरेकू तेरी पोट्टी नहीं पायजे, तंदुरुस्त बच्चा पायजे." तुम्ही ब्रश धुवत राहिलात आणि ती खाच तशीच राहिली. दुकानादुकानांत पाट्या लागल्या. अड्याळच्या बाजारात आई बहिणीला कडेवर घेऊन निघाली की बाया थांबवून म्हणायच्या, "हे तं पाटीवालीच होय ना?" तुम्हाला ते आवडायचं. आई घरी आली की मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायची.

ती आजारी पडली तेव्हा तिसऱ्या वर्षात होती. जुलाब थांबत नव्हते, मग ताप, मग काहीच अंगी लागेना. शेठनं पाट्यांबरोबर दिलेल्या बाळबहारच्या बाटल्या घरात होत्याच. तुम्ही सकाळ-संध्याकाळ तिला झाकणभर पाजत होता. मी एकदा झाकण चाटून पाहिलं होतं. गोड होतं, आणि मागाहून नाकात जाणारी काहीतरी झणझण. ते पाजलं की ती रडायची थांबायची आणि झोपायची, आणि तुम्ही आईला म्हणायचात, "पाय, गुन आला." मी पहिलीत होतो, नुकता वाचायला शिकलो होतो, दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटायचो. ओसरीत टेकवलेली पाटी मी वाचली, 'सात दिवसांत बाळसं', आणि तुम्हाला विचारलं, "बाबा, हिले किती दिस झाले?" तुम्ही मला मारलं नाही. तुम्ही म्हणालात, "पाटी वाचाची आन गप राहाची." आयुष्यात तुम्ही मला पुष्कळदा रागावलात. बाकीचं सगळं विसरलो, हे एक आत रुतून बसलं. त्यानंतर मी पाटी मोठ्यानं कधी वाचली नाही. आताही मनातच वाचतो.

शेवटच्या आठवड्यातला एक दिवस आहे. दुपार आहे, खाट ओसरीत आणली आहे, आणि तुम्ही तिच्यासमोर मांडी घालून बसला आहात. मांडीवर कागद. तिच्या फासळ्या दिसतात, डोळे मोठे झालेत, ती तुमच्याकडे पाहते पण हसत नाही. तुम्ही काढत आहात. आई पाण्याची गुंडी घेऊन आली, तिनं ते पाहिलं, गुंडी खाली ठेवली आणि इतकंच म्हणाली, "आता हिलेबी टोचता?" तुम्ही मान वर केली नाही. दुसऱ्या दिवशी बैलगाडीत टाकून तिला भंडाऱ्याला नेलं. डॉक्टर म्हणाले, फार आधी आणायला हवं होतं. परत येताना आईनं गाडीत तिला मांडीवरून खाली ठेवलं नाही.

ती गेल्यावर दोन-तीन महिन्यांनी असेल, मी बाजारात एका दुकानाच्या खांबाला ती नवी पाटी पाहिली. ती तुम्ही घरी रंगवली नव्हती, भंडाऱ्याला शेठच्या गोदामात रंगवली होती. डावीकडे वाळलेली पोर, खाली 'आधी'. उजवीकडे गुबगुबीत, खाली 'नंतर'. दोघींच्याही भुवईत खाच. बाबा, मी सहा-सात वर्षांचा होतो आणि मला वाचता येत होतं. मला वाटलं ती बरी झाली. कुठंतरी, भंडाऱ्याला, शेठकडे, औषध लागू पडलं आणि ती पुन्हा अशी झाली. मी धावत घरी येऊन आईला सांगितलं. आईनं माझ्या तोंडावर हात ठेवला, आणि त्या दिवसापासून ती बाजाराला जाताना तलावाच्या पाळीवरून लांबचा फेरा घेऊन जायची. जुना खाका तिनं चुलीत घातला. त्यानंतर तुम्ही दुकानांची नावं रंगवली, ट्रकच्या मागच्या फळ्या रंगवल्या, सोसायटीच्या भिंतीवर धानाचे दर लिहिले. चेहरा कधी काढला नाही. गणपतीच्या मंडळानं हात जोडले तरी नाही. आईला वाटत राहिलं की सुईनं आणि सगळ्या बाजाराच्या नजरेनं तिला नेलं. मला शिकल्यावर वाटू लागलं की त्या अर्कानं नेलं, दवाखान्यात जायचे दिवस त्यानं खाल्ले. तुम्हाला काय वाटत होतं हे आम्हा दोघांपैकी कोणीच विचारलं नाही. एक गोष्ट मात्र मी मनात पक्की धरून होतो. मरत्या लेकराचं चित्र तुम्ही शेठला दिलंत. ती पाटी मिळाली की ती समोर ठेवून मी तुमच्यावर रागवायला मोकळा होणार होतो.

तर सानगडी. साकोलीकडचा एक भंगारवाला म्हणाला होता, "भाऊ, तुमच्या जोगता एक पत्रा आहे. पन ते बुढी देत नाई. देव म्हनते त्याले." म्हणून मी गेलो. चहा पिताना मी तिला मावशी म्हटलं आणि तिनं आपण होऊन सांगितलं. तिची पहिली दोन लेकरं जगली नव्हती. तेव्हा तिच्या नवऱ्यानं बंद पडलेल्या दुकानातून छपराला ठिगळ लावायला हा पत्रा आणला. तिनं पाहिलं तर हसरं बाळ. "म्या म्हनलं, बाळकिस्न आपल्या पायानं घरी आला, आन ह्या मानसाले छपरावर टाकाचा आहे त्याले. हिसकून घेतला." पुढच्या वर्षी तिची मुलगी झाली, जगली, आता लाखनीला दिली आहे. मग शेजारपाजारच्या बाया बाळंतीण झाल्या की लेकरू घेऊन येऊ लागल्या. बाळाच्या कपाळाला याच्या पायाचं कुंकू लावतात. मी म्हटलं, "हातात काय आहे त्याच्या?" बाटलीवर शेंदराचा गोळा बसला होता. ती म्हणाली, "लोन्याची मटकी. दिसत नाई का?" मी हो म्हणालो. मग हळूच विचारलं, एखादी चांगली पितळेची मूर्ती आणून दिली तर हा पत्रा मला मिळेल का. ती हसली, रागावली नाही. "बापू, देव का मास्तर होय, बदली कराले?"

निघताना मी पत्र्याची कड पाहिली. डाव्या अंगाला तो मागे दुमडलेला होता, ठोकून सपाट केलेला. अर्धी पाटी मागच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून होती. तिथं काय आहे हे मला माहीत होतं.

आईला सांगायला मला आठ-पंधरा दिवस लागले. ती आता बहात्तरीच्या पुढं आहे, एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आहे, तरी बसल्या बसल्या लाखोळीची डाळ निवडते. मी तिच्याजवळ बसलो आणि सांगितलं की पोरीचा पत्रा सापडला, आणि सानगडीत तिला बाळकृष्ण म्हणून पुजतात. आईनं सूप बाजूला सारलं आणि ती मला वाटलं नव्हतं अशी हसली. "पोरीचा किस्न केला बाईनं? मुतरी होती ते, पाटावर बसवलं तं पाट ओला कराची." तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "त्याच्यावर दुसरीबी हाय ना? वाळलेली?" मी म्हटलं, "हाय. मांगं दुमडली हाय." आई म्हणाली, "मंग ते आन. हासरी तं साऱ्या बजारानं पायली, तिले राहू दे तिथी. वाळलेली माही हाय. तिले कोनीच घेतलं नाई."

सोपं नव्हतं ते, बाबा. पत्रा कापायचा म्हणजे मावशीचा देव कापायचा. खंडित झालेली मूर्ती आपण पुजत नाही, पाण्यात सोडतो. माझ्या हातून कोणाचा देव खंडित व्हावा आणि उद्या सानगडीत एखादं लेकरू दगावलं तर बायांनी त्या रिकाम्या पाटाकडे पाहावं, या विचारानं मी दोनदा साकोलीच्या फाट्यावरून परत आलो. तिसऱ्यांदा मात्र गेलो आणि मावशीला सगळं खरं सांगितलं. हे औषधाच्या पाटीवरचं पोरगं आहे, माझी बहीण आहे, माझ्या बापानं काढली आहे, आणि मागं दुमडलेली तीच आहे. मला वाटलं होतं ती रडेल किंवा मला हाकलून देईल. तिनं पदरानं पाट पुसला. "मांगं पोरगं हाय हे मले ठावं हाय," ती म्हणाली. "म्याच मोडला तो पत्रा. माहे दोन तसेच दिसत होते, शेवटी शेवटी. मले पाहावलं नाई. पन फेकवलंबी नाई. म्हनलं, याच्याच पाठीशी राहू दे." मग विचारलं, "तुही माय हाय का अजून?" मी हो म्हटलं. "मंग ने. पन माह्या किस्नाले धक्का नोको लागू देऊ."

तिनं डब्यातून एक सुपारी काढली, धुतली, तांदळाच्या चिमटीवर ठेवली, आणि पत्र्याला म्हणाली, "तोवर इथी बस रे बापा. तुह्या घराचं काम निघालं हाय." देऊळ दुरुस्त करताना गुरव देवाला तेवढ्यापुरतं सुपारीत बसवतो, तसंच. मग सुपारीपुढं दिवा लावून ती मला म्हणाली, "आता तो पत्राच हाय. काप." मी अंगणात पत्रा पालथा घातला आणि दुमडीवरून कात्री चालवली. गंजानं ती रेघ आधीच कुजली होती, फार जोर लावावा लागला नाही. उजवा तुकडा तिनं दोन्ही हातांनी उचलून नेला, पाटावर ठेवला, सुपारी त्याला टेकवली, आणि आतून ओरडून सांगितलं, "आला गा, आला जाग्यावर." मी अंगणात उन्हात डावा तुकडा हातात धरून बसलो होतो.

दुमडल्यापासून तो उजेडात आला नव्हता, त्यामुळे रंग कालचेच वाटत होते. फासळ्या, ते डोळे, भुवईतली खाच. मी तोंड वळवलं, मग पुन्हा पाहिलं, कारण काट्यावर बसून बसून आणि एवढे पत्रे हाताळून मला एक सवय लागली आहे. कोणतीही पाटी आली की मी खाक्याचे ठिपके शोधतो. रेघेच्या कडेला, रंग जिथं उडालेला असतो तिथं, कोळशाचे बारीक ठिपके राहतातच. मावशीच्या बाळकृष्णाच्या गालाशी ते मी पहिल्याच दिवशी पाहिले होते. या चेहऱ्याला एकही ठिपका नव्हता. मी तिरपा धरून पाहिलं, नख लावून पाहिलं. रेघ खाली-वर झालेली, एका डोळ्याजवळ दोनदा काढलेली, सरळ हातानं, ब्रशनं. तुम्ही हा चेहरा टोचला नव्हता. प्रत्येक पत्र्यावर, जितके काही केलेत तितक्यांवर, तुम्ही तिला नव्यानं काढत बसला होता. शेठच्या त्या गोदामात, घरी दिसू नये म्हणून. आई म्हणाली होती ते तुम्ही ऐकलं होतं. एवढ्यानं सगळं बदलतं असं मी म्हणत नाही. चित्र तुम्ही शेठला दिलंतच. पण मी ज्या रागाची तयारी करून ठेवली होती, तो त्या अंगणात मला पूर्ण सापडला नाही, आणि त्याच्या जागी काय ठेवायचं तेही कळलं नाही.

घरी आलो आणि आईला पत्रा दिला. तिनं आधी बोटांनी पाहिला, मग खिडकीजवळ नेऊन चांगल्या डोळ्यानं. मी ठिपक्यांचं सांगितलं. "टोचलं नाई?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "एक बी भोक नाई." ती पोरीच्या केसांवरून अंगठा फिरवत राहिली, उवा पाहताना फिरवतात तसा. मग खालच्या अक्षरांवर अंगठा थांबला. आई निरक्षर आहे हे तुम्हाला माहीतच आहे. "हे काय लिवलं हाय?"

"आधी," मी म्हटलं.

"कायच्या आधी?"

मी समजावलं की पाटीवर दोन चित्रं असतात, औषध घ्यायच्या आधी आणि औषध घेतल्यावर, म्हणून. आईनं माझ्याकडे मी अजून पहिलीत असल्यासारखं पाहिलं. "आधी तं ते चांगली होती," ती म्हणाली. "हे तं नंतरची हाय."

त्या दिवसापासून पत्रा आईच्या खाटेजवळ कोनाड्यात आहे. रोज सकाळी देवाला पाणी घालून मी तिथून जायचो आणि तो एक शब्द वाचायचो. माझ्या टिनाच्या खोलीत मी कधी कोणत्या पाटीवरचं अक्षर पुसलं नाही. धूळसुद्धा फडक्यानं नाही, फुंकरीनं काढतो. नागपूरचा एक माणूस अशा पाट्या जमवतो. त्याला मी या पत्र्याचा फोटो दाखवला तेव्हा त्यानं बजावलं, अर्धी आहे पण अक्षर शाबूत आहे, हात लावू नका, अक्षर गेलं की ते नुसतं एक चित्र उरेल. महिनाभर ते वाक्य माझ्या डोक्यात फिरत राहिलं. हातानं रंगवलेला तुमचा एकही शब्द आता दुसरीकडे कुठं उरलेला नाही. दुकानांवर सगळे प्लास्टिकचे बोर्ड लागलेत, सोसायटीची भिंत पडली. तुमच्या हातचं माझ्याजवळ तेवढंच होतं. आणि ते अक्षर जोवर खाली आहे तोवर ती पोर आपल्या घरात, आईच्या उशाशी, बाळबहार विकत बसलेली होती.

हे पत्र मी कुठं टाकणार नाही, टाकायला जागाही नाही. लिहून झालं की पाट्यांच्या खोलीत ठेवून देईन. काल गुरुवार होता. दुपारी आई झोपली होती. मी टर्पेंटाइन आणलं, जुन्या धोतराचा तुकडा घेतला आणि कोनाड्यासमोर बसून पुसायला सुरुवात केली. तुमचा रंग चांगला होता, सहज निघेना. 'आ' गेला, मग 'ध' गेला. आई जागी झाली होती, पण डोळे मिटून पडून राहिली. वास आला असेल तिला. आता पत्र्यावर फक्त एक लहान मुलगी आहे, आजारी, आपल्या घरातली. शेवटची वेलांटी मात्र मी पुसली नाही. खाटेच्या सावलीत ती नुसता एक पिवळा फराटा वाटते आणि आई विचारणार नाही. ती तुमच्या हाताची आहे, बाबा, म्हणून राहू दिली.